टेबलावरची सागवानी पेटी : कामाच्या नोंदी

१६ मार्च

लाकूड मिळालं. सोलापूरच्या पूर्व भागात ओळखीच्यांचं जुनं माळवदाचं घर पाडून तिथे स्लॅबचं घर होतंय. मागच्या खोलीत खड्ड्याचा हातमाग होता. एके काळी त्यावर लुगडी निघायची. पुढे घरातली पोरं चादरीच्या कारखान्यात पॉवरलूमवर लागली आणि माग जागच्या जागी थांबला. आज त्याचे खांब, आडव्या पट्ट्या, विणकर बसायचा ती फळी, सगळं अंगणात रचून ठेवलं होतं. लोखंड भंगारवाल्यानं आधीच नेलेलं. लाकूड जळणात जायच्या बेतात होतं.

एका खांबाचं टोक करवतीनं जरा कापून पाहिलं. वरून काळं-राखाडी, आत मधाळ तपकिरी, बोटाला किंचित तेलकट, आणि तो सागाचा नेहमीचा चामड्यासारखा वास. आजींना विचारलं. "घेऊन जा की बाबा, चुलीत घालून काय मिळणाराय?" म्हणाल्या आणि आतून एक मोडका धोटाही (मागावर आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा) आणून हातात दिला. पैसे घेईनात. त्यांना बसायला यातलाच एक पाट करून देतो, असं ठरवून आलोय.

मला हवं होतं तेवढं घेतलं: एक खांब (४ × ३ इंच, साडेतीन फूट) आणि बसायची फळी (९ इंच रुंद, इंचभर जाड).

१७ मार्च

यातून वहिनींच्या टेबलासाठी पेटी करायची आहे. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. घरी वह्या तपासायला बसतात ते टेबल खिडकीशी आहे आणि त्यावरचा प्लॅस्टिकचा डबा दर उन्हाळ्यात तडकतो. त्यांची यादी: चष्म्याची डबी, लाल-निळी पेनं, शिक्का, स्टॅम्प पॅड, खोडरबर, टाचण्या. "भाऊजी, झाकण मात्र एका हातानं निघालं पाहिजे, दुसऱ्या हातात वही असते," ही अट त्यांनीच घातली. चांगली अट आहे. झाकणाचा सगळा विचार त्यावरूनच सुरू होईल.

चष्म्याची डबी साडेसहा इंच. शेजारी स्टॅम्प पॅड उभं बसलं पाहिजे. बाहेरून ९ × ५ × ३ इंच माप धरलं. भिंती ३ सूत जाड (इंचाचे आठ सूत), म्हणजे आतून सव्वाआठ × सव्वाचार.

२० मार्च

लाकूड साफ केलं. जुन्या लाकडाचं पहिलं काम म्हणजे खिळे शोधणं. वरची डोकी गंजून गेलेली असतात, आत बुंधा शाबूत असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मोडक्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून खांबावरून इंच-इंच फिरवलं. दोरा जिथे ओढ खातो तिथे खडूची खूण. पकडीनं निघाले ते काढले, एक आतच तुटलेला होता त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच लाकूड सोडून दिलं. सॉ मिलवाला जुनं लाकूड बघितलं की आधी नाही म्हणतो, कारण एक खिळा लागला की पट्ट्याच्या करवतीचे दात जातात. चुंबक त्याच्यासमोर पुन्हा फिरवून दाखवलं तेव्हा तयार झाला.

फटींमधून सुताचा पिंजका निघाला, पांढरा, लाल, हिरवा, तेलानं घट्ट बसलेला. ताठ ब्रशनं सगळं काढलं. पाण्यानं धुतलं नाही, वाळलेल्या लाकडाला उगाच ओलं करायचं नाही.

खांबाच्या चार सूत जाडीच्या फळ्या पाडून आणल्या. बसायची फळी जाडीत उभी चिरली, तिच्यातून झाकण आणि तळ निघेल.

२१ मार्च

चिरलेल्या फळ्या खोलीत मधे बारीक पट्ट्या ठेवून रचल्या, वर दोन विटा. लाकूड कितीही जुनं असलं तरी चिरल्यावर आतला भाग पहिल्यांदाच हवेत येतो. त्याला आठ-पंधरा दिवस द्यायचे. तोवर हात लावायचा नाही.

बाजारात आज मिळणारा बराचसा साग लवकर तोडलेल्या झाडांचा असतो, पांढऱ्या भागाचं प्रमाण जास्त. वखारीत पाहिलेल्या फळ्यांना एका कडेला दोन-दोन बोटं पांढरं होतं. तो भाग वाळवीला लगेच बळी पडतो. मागाच्या खांबात सगळा गाभा आहे. चौकट करायला नवं लाकूड चालेल, पण हातात धरायच्या छोट्या पेटीला असलं जुनं मुरलेलं लाकूड मिळत असेल तर दुसरं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२८ मार्च

आज फक्त कागदकाम, आणि या पेटीत तेच सगळ्यात महत्त्वाचं.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. रुंदीत हलतं. हवेतला ओलावा घेतलं की फुगतं, सोडलं की आकसतं, आणि हे झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी थांबत नाही. सोलापुरात हा खेळ मोठा असतो. एप्रिल-मेमध्ये इथली दुपार इतकी कोरडी की घरातल्या लाकडातला ओलावा साधारण ६-७ टक्क्यांवर उतरतो. पावसाळ्याची हवा धरली की १३-१४ वर चढतो.

साग तसा शहाणा, इतर लाकडांच्या मानानं कमी हलतो. ओलावा एका टक्क्यानं बदलला तर वाढीच्या रिंगांच्या दिशेनं रुंदी सुमारे ०.१९ टक्के बदलते आणि रिंगांना आडव्या दिशेनं सुमारे ०.१० टक्के. तळाची फळी साडेचार इंच, म्हणजे ११४ मिमी रुंद. सात टक्क्यांचा फरक धरला तर टोकाकडून आडव्या रिंगा दिसणारी फळी जवळपास दीड मिमी फुगेल, उभ्या रिंगांची ०.८ मिमी. अर्ध्या सुताचा हिशोब आहे. पण हे अर्धं सूत सोडलं नाही तर तळ भिंतींना बाहेर ढकलतो आणि कोपऱ्याचे सांधे उघडतात. चारी बाजूंनी फेविकॉल लावून तळ चिकटवलेल्या पेट्या पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात का फाटतात, त्याचं उत्तर एवढंच.

म्हणून:
तळ चिकटवायचा नाही. भिंतींच्या आतून खोबण, त्यात तळ नुसता अडकवलेला, रुंदीत अर्धं सूत मोकळा. मी कोरड्या दिवसांत करतोय, त्यामुळे मोकळीक ठेवायचीच. हीच पेटी ऑगस्टमध्ये केली असती तर तळ खोबणीत घट्ट धरून चालला असता, पुढे तो आकसणारच.

सरकतं झाकण नको. दिसायला छान, पण पावसात अडकतं आणि एका हातानं तर निघतच नाही. बिजागऱ्याही नकोत, तीन सुतांच्या भिंतीत स्क्रूला पकड कमी. वर नुसतं ठेवायचं झाकण, खालून पायरी काढलेलं, मधोमध मूठ.

बसायची फळी टोकाकडून पाहिली: रिंगा जवळजवळ उभ्या. झाकण आणि तळ दोन्ही त्यातच.

४ एप्रिल

रंधा. फळ्या तीन सुतांवर आणल्या. सागात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, पात्याची धार पटकन मरते. पाच-सहा ओढी झाल्या की दगडावर यायचं. कंटाळा केला तर रंधा कापत नाही, ओरबाडतो. एका फळीत नस (लाकडाच्या धाग्यांची दिशा) मधेच उलटते, तिथे पातं अगदी बारीक काढून दोन्ही टोकांकडून मध्याकडे आलो. साल कागदाइतकी पातळ निघायला लागली की समजायचं धार बरोबर आहे.

वरचा काळा थर निघाल्यावर आतला रंग पाहून मन भरून आलं. मागाच्या पायाशी खांबाला जिथे सतत दोरी घासत असणार तिथे गुळगुळीत खळगा आहे. तेवढा तुकडा पेटीत घेता येत नाही, पण टाकणारही नाही.

६ एप्रिल

चारही फळ्या मापात कापल्या, काटकोन गुण्यानं तपासले. समोरासमोरच्या दोन फळ्या पाठीला पाठ लावून बोट फिरवायचं, पट्टीपेक्षा बोटाला फरक आधी कळतो.

१२ एप्रिल

सांधे. कोपऱ्यांना डव्हटेल. एका फळीला पसरट शेपट्या, दुसरीला त्यांच्यामध्ये बसणारे दात. खिळा नको, आणि फेविकॉल उद्या सुटला तरी एका दिशेनं तो सांधा ओढून निघतच नाही. लांब फळ्यांना शेपट्या, आखूड फळ्यांना दात. उतार १:८ ठेवला, कठीण लाकडाला तेवढा पुरतो. जास्त तिरकं केलं तर शेपटीची टोकं नाजूक होतात. तीन इंच उंचीत कडांना अर्धे-अर्धे दात, मधे एक पूर्ण, म्हणजे दोन शेपट्या.

आखणी पेन्सिलीनं नाही, सुरीच्या टोकानं. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, सुरीच्या रेघेला नसते, आणि पटाशी त्या रेघेत आपोआप जाऊन बसते. आधी शेपट्या कापल्या, मग तीच फळी दुसरीच्या टोकावर उभी धरून दातांची आखणी. मोजपट्टी इथे लागत नाही.

करवत रेघेच्या टाकाऊ बाजूनं. उरलेलं पटाशीनं, अर्ध्यापर्यंत एका तोंडानं आणि मग फळी उलटी करून दुसऱ्या तोंडानं. गल्लीतले सुतारकाका येऊन बघत उभे राहिले. "एवढं कशाला करायलास? दोन खिळे मार, पत्र्याची पट्टी लाव, झालं." मग एक कोपरा हातात घेऊन त्यांनी तो जोडून पाहिला, उजेडाकडे धरला, आणि काही न बोलता माझी पटाशी उचलून स्वतःच्या दगडावर धार लावून दिली. त्यांची धार माझ्यापेक्षा फार वरची आहे. शेवटचा कोपरा त्या धारेनं केला.

१३ एप्रिल

तळासाठी खोबण. एक सूत रुंद, एक सूत खोल, खालच्या कडेपासून तीन सूत वर. ही जागा खालच्या शेपटीच्या अंगात येईल अशीच धरली आहे. दातांच्या फळीत खोबण आरपार काढली तरी चालते, तिचं टोक शेपटीखाली झाकलं जातं. शेपट्यांच्या फळीत मात्र आरपार काढली तर बाहेरून चौकोनी भोक दिसतं. म्हणून लांब फळ्यांत दोन्ही टोकांना थांबवायची, पटाशीनं, सावकाश.

तळाची फळी दोन सूत जाड, कडेनं खालून तासून जिभेसारखी एक सुतावर आणली.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी. पहाटेच जोडणी केली. या दिवसांत उजाडून दोन तास झाले की फेविकॉलवर साय धरते, सांधा पूर्ण बसायच्या आत. शिवाय साग तेलकट, त्यामुळे चिकटवायच्या जागा आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घेतल्या. सांध्यांना पातळ हात, खोबणीत थेंबही नाही. तळ आत सरकवून चारही कोपरे लाकडी हातोड्यानं बसवले. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेतली, दोन्ही सारखी भरली म्हणजे पेटी काटकोनात. मग क्लॅम्प.

दुपारी मुलांबरोबर मिरवणुकीची तयारी बघून आलो. संध्याकाळी क्लॅम्प काढले. तळाला बोटानं ढकललं की किंचित हलतो. हवा तसा.

१९ एप्रिल

झाकण. नऊ × पाच, खालच्या अंगाला चारही कडांनी पायरी काढली. पायरीच्या आतला उंच भाग पेटीच्या तोंडात बसतो. लांबीत त्याला नुसती सुई जाईल एवढी मोकळीक, रुंदीत अर्धं सूत. आज कोरड्या हवेत ते जरा सैल वाटतं. वाटू दे. अंदाज पक्का ठेवायला व्हिजिटिंग कार्डं फटीत सरकवून पाहिली: रुंदीकडे पाच कार्डं जातात. पेटीच्या तळाशी पेन्सिलीनं लिहून ठेवलं, "१९ एप्रिल, ५ कार्डं". जूननंतर पुन्हा बघायचं.

२० एप्रिल

मूठ धोट्याची.

धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन उभ्या धाग्यांच्या मधून इकडून तिकडे धावणारा तो होडीच्या आकाराचा तुकडा. मधे पोकळी असते, त्यात सुताची कांडी बसते. दोन्ही टोकं मात्र भरीव, आणि टोकाला पोलादी चोच. हा धोटा पोकळीपाशी दुभंगलेला आहे, पण एक टोक अखंड. लाकूड सागापेक्षा गडद, जड आणि बारीक पोताचं. कुठल्या झाडाचं ते ओळखू आलं नाही. वर्षानुवर्षं सुतावरून घसरून त्याला जी तुकतुकी आली आहे ती कुठल्याही पॉलिशनं येणार नाही. त्यामुळे त्याला ना पेपर लावला, ना रंधा. फक्त दोन इंचांवर कापून खालचं अंग सपाट केलं. चोच ठेवली, टोकदारपणा कानशीनं मोडला, नाहीतर वहिनींच्या बोटाला लागेल.

मुठीची नस आणि झाकणाची नस एकाच दिशेत ठेवली, म्हणजे दोघं बरोबरीनं फुगतील. झाकणाच्या खालून दोन पितळी स्क्रू. मूठ अंगठा आणि दोन बोटांत नेमकी येते.

१ मे

रंगकाम, खरं तर रंग नाहीच. बाहेरून १५० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, नसेच्या दिशेनं. मग जवसाचं डबल बॉइल्ड तेल फडक्यानं चोळलं, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून घेतलं. पुसलं नाही तर वर चिकट थर राहतो आणि त्यात सगळी धूळ बसते, आणि मेमध्ये धुळीला काय तोटा. दोन हातांच्या मधे पुरते दोन दिवस.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि फडक्याचा बोळा असेल तर ती उष्णता आत साठून आपोआप पेट घेतो. इथल्या उन्हाळ्यात, भुशाच्या शेजारी, हे घडायला फार वेळ लागत नाही. मी ती पाण्याच्या बादलीत टाकतो आणि नंतर गच्चीवर मोकळी पसरून वाळवतो. घरी काम करणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं, कारण तेलाच्या डब्यावर ते असतं तरी बारीक अक्षरांत.

आतून तेल नाही. बंद पेटीत त्याचा वास महिनोन् महिने राहतो आणि कागदाला डाग पडतात. आत लाखेचं पॉलिश: पाव लिटर स्पिरिटमध्ये साठ ग्रॅम चपडा लाख, रात्रभर विरघळवून, तलम कापडातून गाळून. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांची ही लाख, वास लगेच उडतो आणि हात फिरवेपर्यंत वाळते. मात्र दमट हवेत लावली तर पांढुरकी पडते, म्हणून हे पावसाच्या आधी उरकणं भाग होतं. बाहेरून लाख मुद्दाम लावली नाही, टेबलावर गरम चहाचा कप टेकला की तिच्यावर पांढरं कडं उमटतं. तेलाच्या अंगावर शेवटी मधमाशांच्या मेणाचा एक हात.

९ मे

आत काय अंथरायचं यावर घरात चर्चा झाली. मखमल मला पटत नाही, दागिन्यांच्या डबीसारखं दिसतं. चाटी गल्लीतून चादरीचा कटपीस आणला, मोराच्या नक्षीचा. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड मागावर विणलेली असते, छापलेली नाही, त्यामुळे कापून उलटी केली तरी नक्षी दिसते, फक्त रंग अदलाबदल होतात. तळाच्या मापाच्या पुठ्ठ्यावर कापड ओढून मागे चिकटवलं आणि पुठ्ठा नुसता आत ठेवला. शाई सांडली तर उचलून बदलता येईल. तळाशी काहीच चिकटवलं नाही, तळ मोकळाच राहिला पाहिजे.

मोर पुरा येत नव्हता. मान आणि तुरा येईल असा कापला.

१० मे

पेटी वहिनींना दिली. त्यांनी आधी झाकण एका हातानं तीन-चारदा उचलून ठेवलं, मग चष्मा ठेवला. "मूठ कशाची आहे हो?" धोट्याची म्हटल्यावर त्यांनी ती पुन्हा हातात घेतली. त्यांच्या आईकडे माग होता, हे मला माहीत नव्हतं. लहानपणी कांड्या भरायचं काम त्यांच्याकडे असायचं, शाळेतून आल्यावर.

आजींचा पाटही उरलेल्या फळीतून झाला. त्याला दोरीच्या खळग्याचा तुकडा पाय म्हणून लावला आहे. उद्या नेऊन देतो.

२० जुलै

आठवडाभर ढगाळ, अधूनमधून सरी. दाराची चौकट घट्ट झाली आहे, मीठ ओलं. पेटी बघायला गेलो. झाकण सहज निघतं. फटीत कार्डं घालून पाहिली: रुंदीकडे तीन जातात, चौथं जात नाही. लांबीकडे एप्रिलइतकीच फट. आठही शेपट्या बंद, नखाला कुठे खाच लागत नाही. तळ ढकलून पाहिला, हालचाल कमी झाली आहे पण अडकलेला नाही. तळाच्या जुन्या ओळीखाली लिहिलं, "२० जुलै, ३ कार्डं".

वहिनींना आत एक कप्पा हवा आहे, टाचण्या पेनांमध्ये मिसळतात म्हणून. दोन सुतांची आडवी पट्टी काढली. तिची लांबी पेटीच्या रुंदीत येते आणि लांबीत लाकूड हलत नाही, त्यामुळे ती मापात नेमकी कापली तरी चालते. चिकटवली नाही, दोन भिंतींच्या मधे दाबून बसवली. हवी तिकडे सरकवता येते, नको तेव्हा काढता येते.